दर रविवारी नदीवर जाऊन होतं काय? वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात रामनदीवरच्या आमच्या रविवारच्या ग्रुपबद्दल दीड पान लिहिलं होतं, त्यावर एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, रामनदी म्हणजे पुण्याच्या पश्चिमेला खाटपेवाडीकडे उगम पावून भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर करत औंधला मुळेला मिळणारी जेमतेम वीसेक किलोमीटरची नदी, जिला निम्मे लोक नालाच म्हणतात. आमची संस्था म्हणजे कागदावर बावीस माणसं आणि रविवारी सकाळी सातला खरोखर उठून येणारी आठ. मी त्यातलीच एक, बँकेतून रिटायर झालेली, गुडघ्याला बेल्ट लावून येणारी. बरेच प्रश्न सारखेच होते म्हणून काही एकत्र केलेत, एकदोघांची भाषा जरा आवरलीय, बाकी जसंच्या तसं.

प्रश्न : ताई, राग मानू नका पण तुम्ही आठ जण रविवारी कचरा उचलता, पुढच्या रविवारी तिथे तेवढाच कचरा असतो. महापालिकेचं काम फुकटात करून देण्यात काय अर्थ आहे? आपण टॅक्स भरतो की. (एक वाचक, कोथरूड)

राग कसला, हा प्रश्न आमच्या ह्यांनी तुमच्या आधी दोन वर्षं विचारलाय, आणि तोही दर रविवारी.

पहिल्या वर्षी आम्ही तुम्ही म्हणता तेच करत होतो. ग्लोव्ह्ज घातले, पोती घेतली, कचरा उचलला, फोटो काढला, घरी. एकदा चाळीस पोती भरली, काठावर छान ओळीने लावून ठेवली, न्यायला गाडी येणार होती ती सोमवारी नाही आली, मंगळवारी नाही आली, गुरुवारी रात्री वळवाचा पाऊस झाला आणि सगळी पोती नदीत. म्हणजे इकडे तिकडे पसरलेला कचरा आम्ही नीट पॅक करून नदीला दिला. त्या दिवशी ग्रुपवर कोणी गुड मॉर्निंगसुद्धा टाकलं नाही.

मग आमच्यातल्या एक काकू, शाळेत विज्ञान शिकवायच्या, त्या म्हणाल्या महिनाभर काही उचलायचंच नाही, नुसतं मोजू. आम्हाला वाटलं ह्यांना ऊन लागलं. पण मोजलं. वही केली, पुलाखालच्या एका टप्प्यात काय काय सापडतं ते लिहायचं, दुधाच्या पिशव्या किती, गुटख्याच्या पुड्या किती, डायपर, चिंध्या, थर्माकोल. तर अर्ध्याच्या वर निघाल्या गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि आत हार, फुलं, देवाचे जुने फोटो, अगरबत्तीची रिकामी पुडकी. नुसती फुलं असती तर कुजून गेली असती, पिशवीत गाठ मारली की तिथेच वर्षभर सडत बसतात. आणि गंमत अशी की ही माणसं नदी घाण करायला येत नव्हती, नदीला मानतात म्हणूनच येत होती, स्कूटर न थांबवता पिशवी भिरकवायची आणि हात जोडायचे. आता ह्यांच्यासाठी "येथे कचरा टाकू नये" पाटी लावून काय होणार, त्यांच्या मते तो कचरा नाहीच ना.

सणाच्या दिवशी आम्ही चौघं पुलावर उभे राहिलो, पिशवी आमच्याकडे द्या म्हणून. लेक्चर नाही द्यायचं असं आधीच ठरवलेलं, मला ते सगळ्यात जड गेलं. एका आजोबांनी विचारलं तुम्ही त्याचं करणार काय, खत करणार म्हटल्यावर म्हणाले झाडालाच घाला, पायदळी नका येऊ देऊ. बास, एवढंच पाहिजे होतं त्यांना. नंतर वॉर्ड ऑफिसच्या मागे लागून पुलाला जाळी आणि शेजारी निर्माल्य कलश मिळवला, त्याला अकरा महिने लागले, पण आता त्या पुलाखाली पिशव्या नावाला सापडतात.

दुसरी गोष्ट वासाची. एकाच जागी दर आठवड्याला गेलं की नाक शहाणं होतं. करंजाच्या झाडाखालच्या एका पाइपमधून रविवारी सकाळी फेस यायचा, मधल्या वारी कोणी गेलं तर तो बऱ्यापैकी कमी, आम्ही ते नुसतं लिहून ठेवत गेलो. आता हिशोब बघा, आपल्याकडे शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, म्हणजे हजार माणसांची सोसायटी असेल तर रोज लाखभर लिटर, दहा हजार लिटरचे दहा टँकर. पाण्याचा टँकर गेटातून आत येताना सगळ्यांना दिसतो, तेवढेच टँकर मागच्या बाजूने जातात कुठे हे कोणी विचारत नाही. तो पाइप ज्या सोसायटीचा होता तिथे एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, होता, चांगला मोठा, पण हवा सोडणारे ब्लोअर लाइट बिल वाचवायला बरेचदा बंद. मैलापाण्यातली घाण खाणारे जंतू हवेवर जगतात, ब्लोअर बंद म्हणजे ते मेले आणि प्लांट म्हणजे नुसती टाकी. आम्ही तक्रार नाही केली, सोसायटीतल्याच मुलांना एसटीपी बघायला नेऊ का विचारलं, सहलीसारखं. चौथीतल्या एका मुलीने सगळ्यांसमोर विचारलं, काका हे बंद का आहे? चेअरमन साहेब जे गडबडले ते बघण्यासारखं होतं.

फेस पूर्ण थांबलाय असं नाही म्हणणार मी. कमी झालाय, आणि पुन्हा वाढला की आम्हाला त्याच रविवारी कळतं.

तेव्हा महापालिकेचं काम आम्ही करत नाही हो, करूही शकत नाही. तिथल्या इंजिनिअरकडे अख्ख्या वॉर्डाचे नाले असतात आणि त्याची तीन वर्षांनी बदली होते, आमच्याकडे सहाशे मीटर नदी आहे आणि आमची बदली कोणी करत नाही. ही कल्पनाही आमची नाहीये, पुण्यात जीवितनदी नावाच्या संस्थेनं मुठेकाठी विठ्ठलवाडीला आणि राम-मुळा संगमावर असा नदीकाठाचा तुकडा दत्तक घ्यायचं चालू केलं, लोकांना तिथे आणायचं, नदीची ओळख करून द्यायची, तेच आम्ही बघून उचललं.

प्रश्न : तुम्ही पुणेकर नदीकाठी फोटो काढता आणि तुमचं सगळं खाली उजनीत येतं. आम्ही तेच बघतो, तेच शेताला देतो. आधी ते बंद करा मग लेख लिहा. (इंदापूर तालुका)

बरोबर आहे तुमचं. ह्यात सारवासारव करण्यासारखं काही नाही.

ज्यांना नकाशा डोळ्यासमोर येत नसेल त्यांच्यासाठी, पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, मुळा आणि मुठा संगम पुलापाशी एकत्र येतात, ती मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसला भीमेत जाते, भीमा उजनी धरणात, आणि धरणातून पुढे पंढरपूर, जिथे आपण तिला चंद्रभागा म्हणतो. आमच्या भजनी मंडळात मी हे एकदा बोलले, की वर्षभर आपल्या संडास-बाथरूमचं जे आपण रामनदीत सोडतो त्याच्याच दिशेने आषाढीला चालत जातो आणि त्यातच स्नान करतो. पाच मिनिटं कोणी टाळ उचलला नाही. मला वाटलं आता मला मंडळातून काढणार, पण पुढच्या रविवारी त्यातल्या दोघी नदीवर आल्या.

तुमच्या मुद्द्याचं खरं उत्तर एसटीपीत आहे. २०१६ मध्ये जपानच्या कर्जातून मुळा-मुठेसाठी जायका प्रकल्प मंजूर झाला, ११ प्लांट, मिळून रोज ३९.६ कोटी लिटर पाणी शुद्ध करायची क्षमता, आणि कामं कशी रेंगाळत गेली ते पेपरात तुम्हीही वाचलं असेल. एवढं पाणी आठ माणसं काही बादलीने शुद्ध करणार नाहीत. पण आम्ही दर तीन महिन्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. विचारायचं काय तर अमुक प्लांटमध्ये रोज किती पाणी आत गेलं, आणि बाहेर पडलेल्याचा बीओडी किती. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाऊन संपवायला जंतूंना किती ऑक्सिजन लागतो तो आकडा, जितका जास्त तितकं पाणी घाण. आंघोळीला चालेल अशा नदीत तो लिटरला ३ मिलिग्रॅम किंवा कमी पाहिजे आणि ३० च्या वर गेला की केंद्रीय प्रदूषण मंडळ तो पट्टा सगळ्यात वाईट वर्गात टाकतं. त्यांच्या २०२२ च्या यादीत देशभरातले ३११ प्रदूषित पट्टे होते, त्यात महाराष्ट्राचे ५५, बाकी कुठल्याही राज्यापेक्षा जास्त.

अर्जावर औंधची सही असते तशी इंदापूरची पण असली तर वजन पडेल, हे मी मनापासून म्हणतेय. संपादकांकडे तुमचा नंबर आहे, तुमची हरकत नसेल तर फोन करते.

प्रश्न : शॅम्पू, डिटर्जंट सोडून रिठा, शिकेकाई वापरा म्हणतात. एका घराने बदल करून नदीला काही फरक पडतो का, की उगाच मनाचं समाधान? माझी सून हसते. (सिंहगड रोड, वय ६१)

सुनेला हसू द्या, ती पूर्ण चुकत नाहीये. एका घराने नदी बदलत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या, आपल्याकडचे बहुतेक एसटीपी मैल्यासाठी बनवलेले असतात, साबणातलं फॉस्फेट आणि फेस करणारी केमिकल्स ते पूर्ण काढत नाहीत, म्हणजे प्लांट नीट चालला तरी ह्यातलं बरंचसं नदीत जाणारच. ते थांबवायची जागा तुमचं बाथरूम, दुसरी नाही.

आमच्या घरचं खरं खरं सांगते. केसांना शिकेकाई जमली, भांड्यांना रिठ्याचं पाणी आणि थोडी राख जमली, वॉशिंग मशीनला काही जमलं नाही, कपडे पिवळट दिसायला लागले आणि घरात वाद झाले. मग पावडर निम्मी केली. पाकिटातल्या चमच्याने भरभरून घालायची गरज नसते, निम्म्यात कपडे तसेच निघतात, करून बघा, सून पण खूश होईल, पैसे वाचतात. आणि बाटलीवर पान-फुलाचं चित्र आणि "हर्बल" लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, मागे बारीक अक्षरात सोडियम लॉरेथ सल्फेट, म्हणजे तेच फेसाचं केमिकल, दिसलं की समजायचं तोच भाऊ नवीन शर्ट घालून आलाय.

एक मात्र नक्की, नैसर्गिक आहे म्हणून रिठ्याने थेट नदीत कपडे धुवायला जाऊ नका. रिठ्याच्या फेसातला जो पदार्थ असतो तो माशांच्या कल्ल्यांना बाधतो, जास्त झाला तर मासे मरतात, रिठ्याने मासे गुंगवून पकडायची जुनी पद्धत होतीच. घरी वापरून पाणी मातीत, झाडांना गेलं तर काही बिघडत नाही.

प्रश्न : आमच्याकडे पंचगंगेत दरवर्षी जलपर्णी येते, दरवर्षी काढतात, परत येते. हे बी कुठून येतं? कायमचं औषध नाही का? (इचलकरंजी)

बी नदीच्या गाळातच बसलेलं असतं, पंधरा-वीस वर्षंसुद्धा टिकतं म्हणतात, आणि बी नसलं तरी एका रोपाला बाजूने फुटवे येऊन दोन आठवड्यांत दुप्पट होते. मूळची दक्षिण अमेरिकेतली, जांभळ्या फुलांसाठी हौसेनं आणलेली बाई.

औषध फवारायच्या नादी लागू नका, मेलेली जलपर्णी तिथेच कुजते आणि पाण्यातला उरलासुरला ऑक्सिजन खाते. जलपर्णी पाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसली जाते, आपलं सांडपाणी म्हणजे तिला पंचपक्वान्नं. ती काढायची असतेच, कारण खाली उजेड जात नाही आणि डास होतात, पण जिथे ती सगळ्यात आधी हिरवी दिसते तिथून वरच्या बाजूला चालत जा, शंभर-दोनशे मीटरमध्ये नाला सापडतोच. तुमच्याकडे नदीचा संथ पाण्याचा भाग आणि बंधारे जास्त, त्यामुळे अजून फोफावते. काढायची तर पावसाळा संपल्यावर लगेच, थोडी असताना, आणि काढलेली काठावर ढीग करून ठेवू नका. पोत्यांची गोष्ट वर सांगितलीच आहे.

प्रश्न : २०१८ मध्ये मोर्णा स्वच्छतेला सगळं शहर उतरलं होतं, पंतप्रधानांनी मन की बातमध्ये नाव घेतलं होतं. तो जोर आता नाही, आम्ही पाच-सहा मित्र अधूनमधून जातो. संस्था रजिस्टर करावी का? त्याने फंड मिळेल का? (अकोला)

मोर्णेचा तो जानेवारी आम्ही पण टीव्हीवर बघितला होता, अंगावर काटा आला होता. हजारो माणसं एका दिवसात जे करतात ते आठ माणसं वर्षात करू शकत नाहीत, हे मान्यच. पण हजारो माणसं दुसऱ्या रविवारी येत नाहीत, त्यांना घरदार असतं. तुम्ही पाच-सहा जण अजून जाताय ना, मग मला तरी काळजी वाटत नाही.

रजिस्ट्रेशनबद्दल माझं मत लोकांना पटत नाही पण सांगते, पहिलं वर्ष करू नका. आधी बघा एका वर्षाने किती जण उरतात. आमचं उलटं झालं, आधी संस्था केली, मग अध्यक्ष कोण ह्यावर दोन जण सोडून गेले आणि नदीवर कोणी गेलंच नाही तीन महिने.

करायचीच झाली तर महाराष्ट्रात साधा रस्ता असा की सात जण मिळून १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदणी, आणि त्यासोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे पण नोंदणी होते. दुसरा रस्ता सेक्शन ८ कंपनीचा, म्हणजे नफा न वाटणाऱ्या कंपनीचा, तो जरा खर्चिक, सीए लागतोच. देणगीदाराला टॅक्समध्ये सूट पाहिजे असते म्हणून आयकर खात्याची मंजुरी, जिला ८०जी म्हणतात, ती घ्यावी लागते. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा पैसा, पाहिजे असेल तर सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो, २०२१ पासून ते सक्तीचं आहे, आणि नवीन संस्थेला कंपन्या विचारतात तीन वर्षांचा अनुभव दाखवा. दरवर्षी ऑडिट, चेंज रिपोर्ट, मीटिंगची मिनिट्स. मी बँकेत २७ वर्षं काढली म्हणून हे सगळं माझ्या गळ्यात पडलंय, बाकीचे नदीवर पक्षी बघतात आणि मी पावत्या लावते.

आणि फंडाचं म्हणाल तर आमचा वर्षाचा खर्च ग्लोव्ह्ज, झेरॉक्स, पाणी तपासायचं किट आणि चहा. त्याला वर्गणी पुरते. एका कंपनीने मोठी रक्कम देऊ केली होती, अट काय तर त्यांचे दोनशे कर्मचारी एका दिवशी येऊन झाडं लावणार आणि टीशर्ट घालून फोटो. काठावर दोनशे झाडं लावायला जागाच नव्हती, जिथे होती तिथे लव्हाळं आणि पाणकणीस होतं, ते उपटून गुलमोहर लावायचा का? नको म्हणालो. अजून आमच्यात ह्यावर दोन तट आहेत.

प्रश्न : पुण्याच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाला तुमच्यासारख्या संस्थांचा विरोध का? साबरमती बघा किती सुंदर झालीय. तुम्हाला काही चांगलं झालेलं बघवत नाही का? (बाणेर. अशीच अजून चार पत्रं होती)

साबरमती मी बघून आले, फिरायला छान आहे, खोटं कशाला बोलू. पण तिथे जे पाणी भरलेलं दिसतं ते नर्मदेच्या कालव्यातून आणलेलं आहे. आपल्याकडे वरती खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, सगळं पाणी धरणात अडवून नळाने शहरात, पावसाळा सोडला तर मुठेत आपलं सांडपाणीच वाहतं. बाहेरून आणून ओतायला दुसरी नर्मदा कुठाय?

पुण्याचा प्रकल्प मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटरचा आहे, आणि त्यात सांडपाण्याचे पाइप अडवायचं कामही आहे हे सांगायला पाहिजे, आंधळा विरोध मला पण आवडत नाही. माझा आक्षेप काठाला आहे. काठ म्हणजे नुसती फिरायची जागा नसते. वाळुंज, करंज, उंबर, लव्हाळं ह्यांच्या मुळांमध्ये बेडूक, मासे अंडी घालतात, मातीत पाणी मुरतं आणि उन्हाळ्यात तेच झिरपून नदीत परत येतं, रामनदीत आमच्या टप्प्यात असे दोन जिवंत झरे आहेत, एप्रिलमध्येही हात घातला की गार लागतं. काठ दगड-सिमेंटने बांधला, भराव टाकला की हे जातं, शिवाय नदी अरुंद होऊन पूर वर चढतो. पानशेत फुटलं तो १२ जुलै १९६१ चा दिवस माझ्या आईने बघितलाय, ती शेवटपर्यंत पाऊस वाढला की नदीकडे बघून यायची.

आणि पूररेषा गंमत म्हणून आखलेल्या नाहीत. साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथपर्यंत पोचतो ती निळी रेषा, शंभर वर्षांतला मोठा पूर पोचतो ती लाल. विठ्ठलवाडीकडे मुठेच्या पात्रात निळ्या रेषेच्या आत रस्ता बांधायला घेतला होता तो २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने काढायला लावला, काही नागरिक कागद घेऊन जाऊन भांडले म्हणून. तुमच्या भागाच्या विकास आराखड्याच्या नकाशात ह्या दोन रेषा कुठून जातात ते एकदा बघा, बाणेरमध्ये काही जणांना धक्का बसेल.

सुंदर व्हायला हवं हो, पण आधी वास जाऊ दे. वास घेत जॉगिंग कोण करणार.

प्रश्न : २०२१ च्या पुरानंतर आमच्याकडे नद्यांमधला गाळ काढतायत. आमची गावची छोटी संस्था आहे, आम्हीही वर्गणी काढून जेसीबी लावून नदी खोल करावी म्हणतो. (महाड तालुका)

२२ जुलैची ती रात्र तुम्ही काढलीय, पुण्यात बसून मी तुम्हाला जेसीबी लावू नका असं शहाणपण शिकवणार नाही. गावापाशी, पुलाच्या कमानीखाली भर साचली असेल तर ती काढावीच लागते, महसूल खात्याची परवानगी घेऊन. फक्त सरसकट खोल करत जाऊ नका. नदीला डोह असतो, उथळ खळखळाट असतो, परत डोह असतो. खळखळाटात पाण्यात हवा मिसळते, डोहात उन्हाळ्यात मासे जीव धरून राहतात. सगळं एकसारखं खोदलं की गटार होतं, आणि दोन पावसाळ्यांत भरतंही, कारण माती वरून डोंगरावरून येतेय. वर झाडं तुटतायत, रस्ते कापतायत, ते तसंच ठेवून खाली कितीही खोदा.

आणि तुम्ही महाडवाले मला काय विचारताय, तुमच्याच तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे! देवीचे मासे म्हणून तिथे कोणी गळ टाकत नाही, एवढे मोठे मोठे मासे माणसाच्या हाताजवळ येतात. तिकडे वाडा तालुक्यात तिळशाला वैतरणेवर पण तसंच. ह्या लोकांनी ना संस्था रजिस्टर केली ना बोर्ड लावला. महाशीर म्हणतात तो हा मासा, आमच्या पुण्याच्या नदीतही होता, कर्नल साइक्स म्हणून इंग्रज अधिकारी होता त्याने १८३९ मध्ये पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतल्या माशाचं वर्णन छापलं आणि त्याला इथलंच नाव दिलं, खुदरी, शास्त्रीय नावात ते अजून आहे, टॉर खुदरी. आमच्याकडे नाव उरलंय, तुमच्याकडे मासा. गावकी बसवून तुमच्या नदीचा एक डोह राखीव ठेवता आला तर बघा, गळ नाही, जाळं नाही, सुरुंग-ब्लीचिंग तर नाहीच नाही, आणि जेसीबीवाल्याला आधीच दाखवून ठेवा की इथे बकेट घालायची नाही.

प्रश्न : मला फक्त एकदा येऊन बघायचंय, कायमचं अडकायचं नाही. चालेल का? काय आणायचं? पोहता येत नाही. (औंध)

पोहायला लागेल एवढं पाणी असतं तर मी ही उत्तरं लिहीत बसले नसते.

या की. जुने बूट घाला, फुल पँट, पायाला जखम असेल तर त्या दिवशी पाण्याजवळ नकोच, लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून जखमेत शिरणाऱ्या तापाची, भीती असते. पहिल्या दिवशी तुम्हाला कचरा उचलायला लावणार नाही. आमच्या विज्ञानवाल्या काकू तुम्हाला एका दगडापाशी नेतील, तो उलटा करायला सांगतील आणि खाली काय दिसतं ते विचारतील. लाल बारीक अळ्या वळवळत असतील तर पाणी वाईट. संगमाकडच्या बाजूला बहुतेक लाल अळ्याच दिसतील. वर झऱ्यापाशी पाण्यावर चालणाऱ्या निवळ्या दिसतात, टाचण्या उडतात, परवा खंड्या पण दिसला. दोन्ही जागांमध्ये चालत सात मिनिटांचं अंतर आहे आणि मधे तो पाइप.

सातला सुरू करतो, साडेआठला चहा. चहा आमचा, कप घरून आणा, कागदी कप दिसला तर काकू घरी पाठवतात.